दिवाणसाहेबांच्या घोड्याचे नारळ

“आमचे दिवाण दर शनिवारी कुठे जातात ते शोधून काढ, नाहीतर तुझा बाप सात वर्षं तुरुंगात!” वेळूगडच्या राजाने हौसाला फर्मावले.

हौसाचा बाप कोंडाजी हा खासगी हेर. हरवलेल्या म्हशी आणि रुसून गेलेले जावई शोधून देणे हा त्याचा धंदा. गेल्या महिन्यात एका व्यापाऱ्यासाठी त्याने दुसऱ्याच्या बैलगाडीखाली राखेची फाटकी पिशवी बांधली आणि राखेच्या रेघेवरून गाडीचा ठिकाणा काढला. दुर्दैव असे की, आदल्याच दिवशी दिवाण अंतोबांनी खासगी हेरांसाठी कायदा काढला होता.

कायद्याची कलमे तीन. पहिले, कोणाच्या अंगाला, घोड्याला वा गाडीला त्याच्या माहितीविना आणि संमतीविना माग देणारी वस्तू लावू नये. दुसरे, कोणाच्याही मागे शंभर पावलांच्या आत चालू नये. तिसरे, कोणाविषयी कोणालाही काही विचारू नये. पहिले कलम शहाणपणाचे आहे, हे कोंडाजी तुरुंगातूनही कबूल करी. दुसऱ्या कलमामुळे मात्र आठवडाभर वराती खोळंबल्या, कारण हेर ठरण्याच्या भीतीने नवरदेवाच्या मागे चालायला कोणी धजेना. सरकारी हेरांना तिन्ही कलमे माफ होती, पण ते दिवाणांच्याच हाताखाली! ‘दिवाणसाहेबांनी आज दिवसभर घरी मौन पाळले,’ असा अहवाल ते दर शनिवारी भल्या सकाळीच सादर करून मोकळे होत.

“काही लावायचं नाही, मागे जायचं नाही, विचारायचं नाही,” हौसा म्हणाली. “आणि शोधायचं मात्र?”

“अर्थात! एक कलम जरी मोडलंस तरी बापाशेजारची कोठडी तुझी!”

हौसाने जरा विचार केला. “मग महाराज, दिवाणसाहेबांचा सत्कार करा.”

“संशय आला म्हणून सत्कार?”

“याहून किरकोळ कारणांनीही होतात, महाराज! थोरल्या महाराजांच्या काळी मानाचे घुंगरू देत असत, तेच द्या.”

बुधवारी भरदरबारात पाचशे लोकांसमोर चोपदाराने मान वाचून दाखवला. “दिवाणांच्या घोड्याला चांदीचे घुंगरू! घोडा ज्या गावात शिरेल, त्या गावच्या पाटलाने आपल्या गावाचं नाव लिहून एक नारळ सिंहासनाला पाठवावा!”

अंतोबांचा चेहरा तुपासारखा पाघळला. “केवळ मी गेलो म्हणून नारळ?”

“केवळ आपण गेलात म्हणून,” राजा म्हणाला. “आपली संमती आहे ना?”

“आनंदाने!” दिवाणांनी तीनदा मुजरा केला. मग जरा घुटमळत विचारले, “महाराज, नारळ फक्त जाताना, की परत येतानाही?”

राजाने हौसाकडे पाहिले. हौसा छताकडे पाहत होती.

“परत येतानाही!” राजाने जाहीर केले.

शनिवार उजाडला. अंतोबा मोठे सावध गृहस्थ. निघण्यापूर्वी त्यांनी खोगीर उलटेपालटे केले, शेपटी विंचरून पाहिली, चारही नाल तपासले. कुठे राख नाही, दोरा नाही! खात्री पटल्यावर त्यांनी मानाचे घुंगरू चिंचेने घासून लख्ख केले, आपल्या हाताने घोड्याच्या गळ्यात बांधले आणि छुमछुम करीत ते गुपचूप निघाले.

रविवारी सकाळी दरबारात नारळ मांडून झाले. बोरवाडीचे दोन, करंजखिंडीचे दोन, माळेवस्तीचे दोन. आडरानातल्या तुळईचा मात्र एकच.

“ज्या गावांवरून गेले आणि परतले त्यांचे दोन दोन,” हौसा म्हणाली. “जिथून घोडा मागे वळला त्याचा एक. दिवाणसाहेब तुळईला जातात, महाराज!”

अंतोबा ताडकन उठले. “पहिलं कलम! हिने माझ्या घोड्याला माग देणारी वस्तू लावली!”

“मी? घुंगरू घासले कोणी? बांधले कोणी? पाचशे माणसांत ‘आनंदाने’ कोण म्हणालं?”

“दुसरं कलम! माझ्या मागे आलीस!”

“कालचा सबंध दिवस मी तुरुंगाच्या दारात बसले होते. पहारेकरी तुमचाच आहे, साहेब.”

“तिसरं! तू विचारलंस!”

“मी काहीच नाही विचारलं, साहेब. नारळ जाताना की येतानाही, ते तुम्हीच विचारलंत!”

दरबारात खसखस पिकली. राजाने तुळईला स्वार धाडला. दुपारपर्यंत तो एका म्हाताऱ्याला घेऊन आला. तो होता विसाजी, दोन वर्षांपूर्वी दिवाणांनी ‘निरुपयोगी’ म्हणून काढलेला कारकून! त्याच्या काखेत येत्या आठवड्याचे सगळे सरकारी हुकूम होते, लिहून तयार.

“साहेब शनिवारी येतात, काय हवं ते सांगतात, मी लिहितो,” विसाजी नम्रपणे म्हणाला. “सोमवारी ते साहेबांना सुचतं.”

“मग हेरांचा कायदाही तुझाच?”

“पहिलं कलम माझं, महाराज. बाकीची दोन साहेबांनी स्वतः घातली.”

राजा इतका हसला की मुकुट सावरायला सेवक धावला! दुसरे आणि तिसरे कलम जागच्या जागी रद्द झाले, पहिले राहिले. विसाजी दिवाणांच्या गादीवर बसला, अंतोबांना त्याच्या हाताखाली नकला उतरवायला बसवले, आणि शब्द दिल्याप्रमाणे कोंडाजी सुटला.

“आणि हौसा,” राजा डोळे पुसत म्हणाला, “तू आता राज्याची मुख्य हेर! हे मानाचे घुंगरूही तुलाच!”

हौसा दोन पावले मागे सरली. “नको, महाराज! बक्षीस द्यायचं तर द्या, पण माझा पत्ता कशाला मागता?”

राजा पुन्हा खो खो हसत सुटला, आणि त्याने तिला आपल्या पागेतली सगळ्यात चपळ घोडी दिली, बिनघुंगरांची!