स्टेअरिंगची थरथर

"मग उस्ताद, तुम्हीच आबांना सांगाल ना? दोष गाडीत नाही, त्यांच्या हातात आहे म्हणून?"

दस्तगीर उस्ताद आपल्या गॅरेजात उभ्या गाडीभोवती एक फेरी मारून आले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात या उस्तादांबद्दल सांगतात, की बंद पडलेल्या ट्रकच्या बॉनेटवर त्यांनी नुसता हात ठेवला तरी ट्रक आधी खोकतो आणि मग सगळं कबूल करतो. यातला खोकण्याचा भाग तरी खरा आहे.

विचारणारा सुदर्शन चौगुले शिकलेला इंजिनिअर. तीन वर्षं खपून त्यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही लाल, दोनच सीटची मोटार स्वतः जोडली होती. सांगाडा आणि फायबरची बॉडी खोक्यांतून आली. स्टेअरिंग आणि त्याचे सांधे मात्र एका मोडीत निघालेल्या मोटारीतून काढलेले. त्यांना त्यानं असा झकास काळा रंग दिला होता, की सांध्यांना स्वतःलाच आपलं वय आठवू नये.

गाडी पहिल्यांदा आबांनी चालवायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. आबा म्हणजे सुदर्शनचे वडील, एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "स्टेअरिंग थरथरतंय."

सुदर्शन हसून म्हणाला होता, "आबा, तुमचा हात थरथरतोय."

आबांनी किल्ली काढून त्याच्या हातात दिली…

तेव्हापासून आठ दिवस आबा चहाची बशीसुद्धा दोन हातांनी धरत होते.

"तपासलंस?" उस्तादांनी विचारलं.

"एकेक सांधा. जॅक लावून, चाकं हवेत घेऊन."

"हवेत? गाडी हवेत चालवतोस व्हय रं?"

उस्तादांनी गॅरेजाच्या जमिनीत खणलेल्या खड्ड्याकडं बोट केलं.

"खड्ड्यावर घे. चाकं जमिनीवरच राहू देत. तू खाली उतर."

सुदर्शननं गाडी खड्ड्यावर घेतली आणि तो खाली उतरला. उस्ताद गाडीत बसले आणि स्टेअरिंग बोटभर डावीकडं, बोटभर उजवीकडं हलवू लागले.

"डाव्या चाकाजवळचा सांधा धर. काय लागतंय?"

"काही नाही." आवाजात जिंकल्याचा सूर होता.

"धरलायस कसा?"

"घट्ट."

"मग तो कसा हलंल, लेका? तूच त्याला हलू देईना झालायस… सोड. दोन बोटं नुसती टेकव. ताप आलेल्या माणसाच्या मनगटावर टेकवतात तशी."

सुदर्शननं बोटं टेकवली. डोळे आपोआप मिटले.

टक्.

स्टेअरिंग उजवीकडं गेलं. पुन्हा टक्.

वर उस्ताद स्टेअरिंग हलवतच राहिले.

"उस्ताद," शेवटी खड्ड्यातून आवाज आला, "आहे."

"किती?"

"केसभर."

"घाटात केसभर लई झालं."

शेजारच्या दुकानातून सांध्यांची नवी जोडी आली. नट सुटला, बाजूनं हातोडीचे दोन ठोके बसले आणि सांधा मोकळा झाला. "फेरे मोजत काढ, नवा तेवढाच आत घ्यायचा, न्हाईतर चाक वाकडं धावंल," उस्ताद म्हणाले. सोळा भरले. नवा सांधाही मोजून सोळा फेरे आत गेला. उजवीकडचा सांधा अजून गप्प होता, पण उस्तादांनी तोही बदलायला लावला. "जोडीनं झिजत्यात. एकाची तक्रार आधी येते, एवढंच."

जुना सांधा सुदर्शननं उजेडात धरला. रंगाखाली, वाटीतली गोळी पोराच्या दुधाच्या दातासारखी डुगडुगत होती.

त्या दिवशी घाट उतरताना गाडी त्यानंच चालवली होती. ऐटीत. आबा शेजारी बसले होते, दोन्ही पाय समोर रेटून.

याच सांध्याच्या भरवशावर.

उस्तादांच्या गॅरेजात, काढलेला भाग भंगारात टाकण्याआधी कपाळाला लावायची रीत. कॉलेजात असताना सुदर्शन दोन सुट्ट्या इथं काम शिकला, तेव्हा या रितीला तो तोंड फिरवून हसायचा. आज कुणाला सांगावं लागलं नाही. ग्रीसचा काळा टिळा कपाळभर उमटला.

"झिजला, पण सुटला नाही," तो पुटपुटला. "आम्हा दोघांना धड घरी आणलं यानं… आणि उस्ताद, तुमचे उपकार तर…"

उस्तादांनी तेल प्यायलेल्या फडक्याला हात पुसले. मग गाडीत वाकून किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"अहो, किल्ली!… म्हणजे अजून काही राहिलंय? गाडी ठीक झाली ना आता?"

उस्तादांनी त्याच्या कपाळावरच्या टिळ्याकडं बघितलं.

"ते मला काय विचारतोस? आबांचा हात सांगंल. त्यांना पाठव."