आधी मान कोणाचा

एका गावाने रुग्णवाहिका घेतली आणि कोड न लिहिता, तयार तुकडे जोडून तिची वेबसाइट बनवली, त्या वेळची ही गोष्ट. पान उघडलं की त्यावरचे सगळे मानाप्रमाणे बाहेर येत. आधी लोकार्पण सोहळ्याचा मोठा फोटो, मग झेंडूच्या उडत्या पाकळ्या, मग शुभेच्छांची सरकती पट्टी. फोन नंबर सगळ्यात शेवटी.

एकदा डोंगरातल्या वाडीत एकाच्या थोरल्या भावाला साप चावला. धाकट्याने मोबाइलवर ते पान उघडलं. तिथे रेंज कमी होती. त्याचा आवाज पानातल्या सगळ्यांना ऐकू आला. "दादा, डोळे मिटू नको. नंबर आत्ता दिसेल."

नंबर म्हणाला, "फोटोकाका, मला पुढे जाऊ द्या. मी हलका आहे, लगेच पोहोचेन."

"आणि पाहुण्यांना मागे उभं करू?" फोटो म्हणाला. "फेटे बांधून आलेत ते."

"तुला ओळखतं तरी कोण रे?" पाकळ्या हसल्या.

फोटो सावकाश उतरत राहिला. फेटे दिसले, कपाळं दिसली. चेहरे यायच्या आत पलीकडून आवाज आला, "दादा?" मग पुन्हा, "दादा?"

फोटो पूर्ण उतरला, पाकळ्या उडाल्या, पट्टी सरकली, नंबर आला. समोर कोणी बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोटो आपणहून लहान झाला आणि तळाशी जाऊन उभा राहिला. पाकळ्या आणि पट्टी निघून गेल्या. आता पान उघडताच नंबर दिसतो. त्या वाडीतून मात्र ते अजून कोणी उघडलेलं नाही.