मुजऱ्याच्या उंचीवरची रेघ

फार फार मागं, आपल्या आजोबांच्या आजोबांनीही नुसत्या ऐकलेल्या काळात, एका डोंगरी मुलखात एक बुटका राजा होता. बुटका म्हणजे चांगलाच बुटका. पण मनानं वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर सगळं पाप त्याच्या गळ्यात घालून तुम्ही मोकळे व्हाल.

हा राजा कडुलिंबाच्या पारावर बसे. ज्याचं गाऱ्हाणं असेल तो समोर ताठ उभा राही आणि सांगे. म्हाताऱ्या तर त्याला दटावायच्यासुद्धा.

"अरे, ऐकतोयस ना? का डोळा लागला?"

"ऐकतोय, आजी. पुढं बोला."

एकदा परमुलखाचा एक सरदार आला. त्यानं पारावर नजर फिरवली आणि तरातरा जाऊन नगारा वाजवणाऱ्याला मुजरा केला. नगारची धिप्पाड, मिशीवाला. त्या बावळटानं मुजरा घेतलासुद्धा! सगळा पार खो खो हसला. राजाही हसला. पण ते हसू त्याच्या घशात काट्यासारखं अडकलं.

राजानं पार सोडला आणि दगडी सदर बांधली. मग मुलखातल्या चितारणीला बोलावलं.

"दारासमोरच्या भिंतीवर माझं चित्र काढ. मला मोठा काढ."

"उंच काढू?"

"उंच नको, लोक हसतील. मोठा काढ. बघणाऱ्याची मान आपोआप खाली गेली पाहिजे."

चितारीण हातानं पक्की होती. आणि हात पक्का असला की माणसाला वाटतं, आपल्याला दुसरं काही बघायची गरज नाही.

चितारी लोकांची एक रीत असते. रंगाला हात लावण्याआधी ओल्या गेरूत दोरी बुडवायची, भिंतीवर आडवी ताणायची आणि टणकन सोडायची. लाल रेघ उमटते. तिला म्हणतात नजरेची रेघ. चित्रातली जमीन, खांब, वाटा, सगळं त्या रेघेला धरून चालतं. बघणाऱ्याचे डोळे त्या उंचीला आले की चित्र जिवंत होतं. म्हणून रेघ मारायची ती उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिच्या आज्यानं, बापानं, सगळ्यांनी तशीच मारली होती.

चितारणीनं दारवानाला हाक मारली. "मुजरा कर बघू."

तो वाकला.

"तसाच थांब. हलू नकोस."

वाकलेल्या दारवानाचे डोळे जिथं आले, तिथं तिनं भिंतीवर खूण केली आणि त्या खुणेवर दोरी मारली.

मग तिनं राजा काढला, मधोमध, पायापासून वर चढत गेलेला, डोंगर चढावा तसा. दोन्ही बाजूंना काजळाचा अंधार. उजेड फक्त त्याच्या कपाळावर. खाली कोपऱ्यात रयत काढली, बोटाएवढी, पाठमोरी. आणि राजा नि रयत यांच्यामध्ये सोडली कोरी जागा. कोरी म्हणजे अगदी कोरी. तिथं ना पाखरू, ना पायरी. बघणाऱ्याला वाटे, एवढं अंतर आपल्याच्यानं चालवणार नाही.

तिची थोरली बहीण धरणाखालच्या आळीत राहायची. चित्र पुरं झालं तेव्हा ती भाकरी घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली.

"भागे, ह्यात आमची तोंडं कुठायत गं?"

चितारीण हसली. "आक्के, तोंडं काढली की नजर तिकडं जाते. राजा लहान पडतो."

"अन् बघताना मला वाकावं का लागतंय? उभं राहून बघितलं तर गरगरतंय."

"तीच तर खुबी आहे!"

"मेली तुझी खुबी," आक्का म्हणाली आणि फडकं झटकून निघाली.

राजा मात्र खूश झाला. त्यानं चितारणीला सोन्याची वाकी दिली. तिचं नाव लांबलांब गेलं. शेजारच्या राजानं बोलावलं, तिकडंही तिनं तसलंच चित्र काढायला घेतलं.

इकडं सदरेवर काय झालं ते ऐका. लोक आत यायचे, समोर बघायचे आणि वाकायचे. वाकले की चित्र बरोबर दिसायचं, म्हणून वाकलेलेच राहायचे. आता वाकलेल्या माणसाचा आवाज जाणार कुठं? आपल्याच छातीत. हळूहळू गाऱ्हाणी संपली. राजाला वाटलं, माझं राज्य सुखी झालं.

त्या पावसाळ्यात धरणाच्या मातीतून पाणी झिरपायला लागलं. आधी घाम आल्यासारखं, मग धार. आक्काचा नवरा टोपलीनं माती टाकत होता.

"तू राजाकडं जा," तो आक्काला म्हणाला. "माणसं पाठव म्हणावं. मी इथून हललो तर आळी गेली समज."

आक्का चिखलाच्या पायांनी धावत सदरेवर गेली. वाटभर घोकत होती, धरण फुटतंय, माणसं पाठवा. आत शिरली, समोर बघितलं आणि वाकली. ते कपाळ, तो अंधार, ती कोरी जागा. कोपऱ्यातल्या पाठमोऱ्या माणसांत तिला आपलीच पाठ दिसली.

चित्राखालच्या गादीवरून राजानं विचारलं, "काय काम होतं, बाई?"

"काही नाही, महाराज. सगळं बरं आहे."

बाहेर येऊन तिनं स्वतःच्या थोबाडीत मारली. परत फिरली, परत दारात थबकली. तेवढ्यात डोंगराकडून आवाज आला. तो आवाज ज्यांनी ऐकला, त्यांना नंतर कशाचाच आवाज गोड लागला नाही.

पाणी ओसरल्यावर राजा चिखलात आला. आळीच्या जागी नुसते दगड होते. तो ओरडला, "मला कुणी सांगितलं का नाही?"

आक्का त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. आता काय उरलं होतं वाकायला?

"मी आले होते, महाराज."

"मग बोलली का नाहीस? मी समोरच तर बसलो होतो!"

"तुम्ही दिसलाच नाहीत. चित्र दिसलं."

राजा तिथंच चिखलात बसला. तो बुटका माणूस त्या दिवशी होता तेवढाच दिसला.

चितारीण धावत परतली. वाकी काढून फेकली, खुरप्यानं भिंत खरवडली, नखं फुटेपर्यंत. चुना लावला. पण गेरू चुन्यातून वर येतोच. ती लाल रेघ पुसट का होईना, दिसतच राहिली.

तिनं नवी रेघ मारली, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. कडुलिंबाचा पार काढला, पारावर राजा आणि भोवती माणसं, सगळी समोर तोंड केलेली. सगळ्यांत पुढं टोपली घेतलेला एक माणूस. त्याचं तोंड काढायला तिनं कुंचला उचलला आणि हात थांबला. मेव्हण्याचं नाक कसं होतं? भुवया कशा होत्या? इतकी वर्षं त्याच्या घरी जेवली, पण त्याच्याकडं नीट कधी बघितलंच नव्हतं.

"आक्के, भावजींचा चेहरा सांग ना."

"आता विचारतेस, भागे?"

एवढंच बोलून आक्का गेली.

ते तोंड कोरंच राहिलं. चित्र चांगलं होतं, ताठ उभं राहून बघण्याजोगं. पण लोकांना सवय लागली होती. ते दारातून आत यायचे आणि वाकायचे. वाकून बघणाऱ्याला ते चित्र तिरपं दिसायचं. "पहिलं बरं होतं," असं एकमेकांत पुटपुटून ते निघून जायचे, आणि राजा रिकाम्या सदरेत कान देऊन बसून राहायचा.

तात्पर्य: समोरच्याला वाकवून जो मोठा दिसतो, त्याच्या कानापर्यंत खरं कधी पोचत नाही.