आजोळची टोपली

दरीकाठच्या एका जंगलात, सावरीच्या उंच झाडावर, खारींचे एक कुटुंब राहत असे. आई, बाबा आणि चार पिल्ले. त्यातली तीन शाळेत जाणारी होती. चौथे, म्हणजे धाकटे, अजून उड्या मारायला शिकतच होते. त्याची उडी पडायची एका फांदीवर आणि शेपटी अडकायची दुसऱ्याच फांदीला.

या घरात वर्षभर एकच विषय निघे, तो म्हणजे आजोळी जायचा. आजोळ दरीच्या पलीकडे, करवंदीच्या जाळीत होते. तिथे पिल्लांची आजी एकटी राहत असे. दोन वर्षांपूर्वी ऐन निघायच्या दिवशी वादळ आले, मागच्या वर्षी धाकट्याचा जन्म झाला, आणि दोन्ही वेळा जाणे राहून गेले. त्यामुळे आजीने धाकट्याला अजून पाहिलेच नव्हते. या वर्षी पोपटाबरोबर तिचा निरोप आला होता : ‘एका डोळ्यानं दिसेनासं झालंय. दुसरा आहे तोवर या म्हणावं.’ तो निरोप ऐकल्यापासून पिल्लांची आई, म्हणजे खार, कामात असली की मध्येच थांबून दरीकडे बघत राही. बाबा ते पाहत.

आता तुम्ही म्हणाल, एवढेच ना, मग जायचे उठून. पण मुलांनो, ती दरी फार रुंद होती. तळातून वळसा घालून गेले तर आठ दिवस लागत आणि वाटेत रानमांजरांची वस्ती होती. पिल्लांना घेऊन त्या वाटेने कोण जाणार? म्हणून सगळे लहान प्राणी करकोच्याच्या टोपलीतून जात. कड्यावरच्या सपाट खडकावर करकोचा उभा असे. सुगरणीने विणलेली एक मोठी टोपली त्याच्याजवळ होती. प्राणी आत बसले की तो टोपलीची कडी चोचीत धरी आणि दहा-बारा वेळा पंख मारून पलीकडे नेऊन ठेवी. एरवी याचे भाडे होते डोईमागे एक भुईमुगाची शेंग.

एरवी, बरे का. कारण जंगलात घुबडगुरुजींची एकच शाळा होती आणि करवंदे पिकली की गुरुजी सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी देत. मग ससे, उंदीर, चिचुंद्री, ज्याला त्याला त्याच आठवड्यात आजोळ आठवे.

सुट्टी लागली त्या सकाळी पिल्लांचे बाबा चौकशीला निघाले. इथे खारींच्या कुळाची एक रीत सांगायला हवी. त्यांच्यात कुणी गावाला निघाले की सगळे कुळ पोचवायला येई. आणि नुसती चौकशी करायला निघाले, तरीही येई. त्यामुळे बाबांच्या मागे खार आणि चार पिल्ले, त्यांच्या मागे काका आणि काकू, त्यांच्या मागे आत्या आणि तिची पाच मुले, आणि ‘मी नुसती बघायला येते’ म्हणणारी शेजारची घूस अशी वरात खडकावर पोचली. आत्याने तर वाटेत खायला म्हणून कैरीच्या फोडी पानात बांधून आणल्या होत्या.

“काय भाव आहे हो आज?” बाबांनी विचारले.

करकोच्याने एक पाय पोटाशी घेतला, मान उंच करून खडकावर नजर फिरवली आणि म्हणाला, “डोईमागे दोन शेंगा.”

“काल तर एक होती.”

“काल काल होता.”

बाबा घरच्यांकडे वळून हळूच म्हणाले, “पहिला दिवस आहे. उद्या नक्की उतरेल.” आमचे हे बाबा स्वभावाने फार चांगले, पण ‘उद्या उतरेल’ यावर त्यांचा भारी विश्वास. सगळ्यांनी तिथेच कैरीच्या फोडी खाल्ल्या आणि वरात परत गेली.

दुसऱ्या दिवशी मागची सगळी मंडळी होतीच, शिवाय काकूच्या माहेरची तिघे आली होती. त्या दिवशी भाव होता तीन शेंगा. वर करकोचा म्हणाला, “कडेला बसून दरी बघायची असेल तर एक शेंग जास्त. मधे बसलात तर काही नाही.”

“आणि पिल्लांना अर्धं ना?” खारीने विचारले.

“पिल्लं टोपलीत जास्त उड्या मारतात, बाई. खरं तर त्यांचं दुप्पट घ्यायला हवं. ओळखीचे आहात म्हणून सारखंच घेतो.”

तिसऱ्या दिवशी भाव पाच शेंगांवर गेला. आणि शेपटी टोपलीबाहेर राहिली तर तिची एक शेंग वेगळी. आता खारीची शेपटी टोपलीत मावते का कधी? बाबांचा संयम सुटला. ते म्हणाले, “अहो करकोचेबुवा, हा भाव तुम्ही काढता तरी कसा?”

“त्यात लपवण्यासारखं काही नाही,” करकोचा शांतपणे म्हणाला. “सकाळी खडकावर डोकी मोजतो. डोकी कमी तर भाव कमी, डोकी जास्त तर भाव जास्त. आज अठ्ठावीस आहेत.”

“त्यातली सतरा तर आमचीच आहेत,” बाबा म्हणाले. “जाणारे आम्ही सहाच. बाकीचे पोचवायला आलेत.”

“असतील. पण डोक्याकडे बघून कसं कळावं, ते जाणारं आहे की पोचवायला आलेलं?”

तीन दिवस आपणच घाम गाळत येत होतो आणि आपणच आपल्या पोरांचे भाडे चढवून ठेवत होतो, हे काकांच्या लक्षात आले तेव्हा त्यांना खडकात शिरावेसे वाटले. आत्या म्हणाली, “चला गं, आपण त्या झाडामागे उभ्या राहू.” पण झाडामागून अकरा शेपट्या बाहेर दिसत होत्या, आणि तसेही त्याचा उपयोग नव्हता. करकोचा म्हणाला, “चढलेला भाव सुट्टी संपेपर्यंत उतरत नाही. तुम्हाला उतरवून दिला, तर मग सशांनी माझं काय घोडं मारलंय?”

करकोचा काही दुष्ट नव्हता बरे. दिवसभर टोपल्या वाहून त्याची मान अवघडून जाई आणि पावसाळ्याचे चार महिने त्याला काम नसे. पण त्याने खारीच्या डोळ्यांकडे पाहिले नाही, एवढे मात्र खरे.

घरी आल्यावर बाबांनी ढोलीतल्या शेंगा बाहेर काढल्या. पावसाळ्याची बेगमी म्हणून साठवलेल्या त्या चाळीस शेंगा होत्या. सहा जणांच्या तीस, सहा शेपट्यांच्या सहा. उरणार चार.

खार म्हणाली, “अहो, राहू द्या. पावसात पिल्लांना काय देणार आपण? पुढच्या वर्षी जाऊ.”

“आईंचा दुसरा डोळा पुढच्या वर्षीपर्यंत थांबणार आहे का?” बाबा म्हणाले. “पावसाचं मी बघतो. भिजत हिंडेन, काहीतरी मिळेल. तू पिल्लांना तयार कर.”

खारीला रडू आले. तिने ते लपवले नाही. पिल्लांना मात्र एवढेच कळले की उद्या आजोळी जायचे आहे, आणि त्यांनी आनंदाने सगळी ढोली डोक्यावर घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी सहाही जण शेंगा पाठीवर घेऊन खडकावर आले. सवय मोठी वाईट. जरा अंतर ठेवून का होईना, पण मागे आत्या आणि काका होतेच. करकोचा सशांना पोचवून पलीकडून परत येत होता. बाबांनी पाठीवरचे ओझे उतरवले आणि शेंगांची रास मांडली.

टोपली खडकावर टेकली. रिकामी असायची ती टोपली जरा हलली. आतून आधी करवंदांचा द्रोण बाहेर आला, मग एक पांढरे झालेले नाक आणि मग विरळ केसांची एक म्हातारी शेपटी.

“आई,” खार म्हणाली.

आजी टोपलीच्या कडेला धरून सावकाश उतरली. बाबांनी धावत जाऊन हात दिला. “आई, तुम्ही? तुम्ही कशा आलात? भाडं किती पडलं?”

“भाडं कसलं?” आजी म्हणाली. “रोज बघते आहे मी. इकडून टोपली भरून येते, माझ्या दारात रिकामी होते. रिकामी टोपली वाऱ्यानं हेलकावते, याच्या चोचीला हिसके बसतात, म्हणून हा परत येताना आत दोन धोंडे घालतो. काल म्हटलं, अरे बाबा, त्या धोंड्यांच्या जागी मला घाल. मी काही त्याहून जड नाही.”

सगळ्यांनी करकोच्याकडे पाहिले. तो जरा ओशाळला. पायाने खडक खरवडत म्हणाला, “तिकडून इकडे यायचं आहे असं आजवर कुणी म्हणालंच नाही. सगळ्यांना सुट्टीत तिकडेच जायचं असतं.”

“मग तू आधी का नाही आलीस गं?” खारीने विचारले. तिच्या आवाजात राग होता आणि तो लाडका राग होता.

आजी म्हणाली, “लेकीच्या घरी आईनं जाऊन राहू नये, अशी आपल्यात रीत. तुम्ही यायचं आणि मी वाट बघायची. दोन उन्हाळे मी त्या रीतीपायी कड्यावर बसून काढले. काल धोंडे पलीकडे जाताना बघितले आणि वाटलं, धोंडे जातात, मग मी काय पाप केलंय?”

धाकटे आईच्या शेपटीमागे लपून हे सगळे ऐकत होते. त्याने आजी कधी पाहिली नव्हती. आजोळी करवंदे असतात, झोके असतात, आजी असते, हे त्याने फक्त ऐकले होते. आजीने मान तिरकी केली, कारण चांगला डोळा एकाच बाजूला होता, आणि त्याला जवळ बोलावले. ते एक पाऊल पुढे आले.

“अजून जवळ ये.”

ते आणखी पुढे आले. आजीने त्याचे नाक, कान, पाठीवरचे पट्टे, सगळे निवांत पाहिले. पाहता पाहता तिचा तो चांगला डोळाही पाण्याने भरला आणि तिला पुन्हा पुसून पाहावे लागले.

धाकट्याला मात्र एक शंका होती. “तू आजी ना? मग तू इथे आलीस, तर आजोळ कुठे आहे?”

आजी तिथेच खडकावर बसली. तिने त्याला मांडीवर घेतले, त्याची अडखळणारी शेपटी त्याच्याभोवती नीट गुंडाळून दिली आणि म्हणाली, “हे काय, तू बसलायस तिथेच.”

तात्पर्य : भेटीसाठी नेहमी आपणच, ठरल्या सुट्टीत, ठरल्या वाटेने गेले पाहिजे असे नाही. ज्यांच्याकडे दर वर्षी आपण जातो, त्यांना कधीतरी आपल्या घरी बोलवावे. ती कदाचित कधीची निघायच्या तयारीत बसलेली असतात.