चपळाच्या पाठीवरचं ओझं

त्या राज्यातली सगळी कामं एकच घोडी करीत असे. तिचं नाव चपळा. राणी खारीला गाणं हवं असो, कुणाचा निरोप हवा असो, की गावोगावची खबर, चपळाने धावत जाऊन ते आणायचं. नवी होती तेव्हा राणीचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती परतलेली असे. आता मात्र सकाळी मागितलेलं गाणं दुपार टळल्यावर यायचं, तेही अडखळत.

"म्हातारी झाली," दरबार म्हणाला. दरबाराला दुसरं काही सुचतही नसे. सकाळीच नदीपलीकडच्या तरसाला सांगावा गेला, की संध्याकाळपर्यंत घोडी धावली नाही तर घेऊन जा. तरसाकडे गेलेल्या जनावरांचे फक्त नाल परत येत, आणि तेही विकायला. चपळाने हे ऐकलं आणि चाऱ्याला तोंड लावलं नाही. बिचारीची दया यावी अशीच गोष्ट होती.

राणीलाही चैन पडेना. तिने शेजारच्या राज्यातल्या मुंगसाला बोलावून घेतलं.

"आधी तिला निजवा, मग उठवा," मुंगूस आल्या आल्या म्हणाला. सगळे जाणकार आधी हेच सांगतात.

चपळा निजली. तिने पुन्हा डोळे उघडले न उघडले तोच पाठीवर गर्दी झाली. न विचारता हवामान सांगणारा पोपट, चोरांवर नजर ठेवणारा कुत्रा, त्या कुत्र्यावर नजर ठेवणारा दुसरा कुत्रा, आणि एक मोर. मोर तिथे का बसला होता, हे मोरालाही ठाऊक नव्हतं.

"यांना कुणी बसवलं?" मुंगसाने विचारलं.

"राणीसाहेबांनीच," पोपट म्हणाला. "बसू का म्हणून विचारलं होतं आम्ही. त्या घाईत होत्या. हो म्हणाल्या."

उतरवताना प्रत्येकाने विचारलं, खरंच उतरू? नक्की ना? मोराने तर डोळ्यांत पाणी आणून, आमचं काय चुकलं तेवढं तरी सांगा, असा हट्ट धरला. एक कुत्रा तेवढा राहू दिला.

चपळा चार पावलं दुडकी धावली आणि थांबली. पाठीवर अजून पोती होती. मुंगसाने एक सोडून पाहिलं, तर आत सुकलेली फुलं. शेजारणी रोज सकाळी राणीला सुप्रभात म्हणून एकेक फूल पाठवीत, आणि राणीने आजवर एकही टाकलं नव्हतं.

"कुणी प्रेमाने पाठवलेलं टाकायचं कसं?" राणी म्हणाली. "असू देत. लागतील कधीतरी."

"फुलं ठेवायची की घोडी, ते तुम्ही ठरवा, राणीसाहेब," म्हणून मुंगूस घरी गेला.

राणीने पोती उतरवली. निवडून टाकते, मग उरलेली तेवढी परत चढवू, असं तिने ठरवलं. पहिलंच फूल हातात घेतलं, हुंगलं, आणि ते कुणी पाठवलं होतं हे आठवत बसली. दुसरं हुबेहूब तसंच निघालं. दोन्हींतलं कुठलं ठेवावं, याचा निर्णय होईना.

"राणीसाहेब, कुठे जाऊ? काय आणू?" हलक्या पाठीची चपळा खुरांनी माती उकरत विचारत होती.

"थांब गं जरा," राणी मान वर न करता म्हणाली.

दिवस कलला. दोर घेऊन तरस फाटकात आला.

"रेंगाळतंय म्हणून न्यायचंय, ते कुठलं?" त्याने विचारलं.

तरसाने उड्या मारणाऱ्या घोडीकडे पाहिलं. मग फुलांच्या ढिगात बसलेल्या इवल्याशा खारराणीकडे पाहिलं. आणि खाली बसून तो दोराचा फास लहान करू लागला.