उंच उंबऱ्यांची वस्ती

मुलांनो, एका टेकडीच्या उतारावर प्राण्यांची दाट वस्ती होती. तिच्या अगदी खालच्या टोकाला एक सशीण आपल्या चार पिल्लांना घेऊन राहत असे. पिल्लांचे डोळे अजून उघडायचे होते. पूर्वी वस्तीच्या मधून एक ओढा वाहायचा आणि पावसाचं सगळं पाणी मुकाट्याने तळ्यात नेऊन सोडायचा. पण मुखिया कोल्ह्याला सभा भरवायला ऐसपैस मैदान हवं होतं. त्याने ओढाच बुजवला. तेव्हापासून दर पावसात पाणी बिळांत शिरू लागलं. त्यावर वस्तीने रीत पाडली, की पूर ओसरला की ज्याने त्याने आपला उंबरा चार बोटं उंच करायचा. मग पाणी शेजाऱ्याकडे जायचं, शेजारीही उंबरा वाढवायचा, आणि ते आणखी खाली जायचं. सशिणीच्या खाली कुणीच नव्हतं.

त्या वर्षी पाणी पिल्लांच्या गळ्याशी आलं. सशिणीने एकेकाला तोंडात धरून वारुळावर नेऊन ठेवलं. चौथं हाती लागेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाणी ओसरल्यावर कोल्हा कोवळ्या पाल्याची जुडी घेऊन विचारपूस करायला आला. उंबरा वाढवा म्हणाला, पावसापुढे कुणाचं चालतं म्हणाला.

"पाऊस आभाळातून पडतो, मुखियाजी," सशीण म्हणाली, "पण माझ्या घरात तो तुमच्या मैदानावरून येतो. ही जुडी परत न्या."

आणि ती सरळ मैदानावर जाऊन उकरायला लागली. वरच्या अंगाला साळिंदर राहायचा. त्याचा उंबरा इतका उंच, की बाहेर पडायला त्याला दोघांनी ओढावं लागे. तो दारातून डोकावून हसला. "वहिनी, एवढ्याशा नखांनी ओढा उकरणार?"

"नखं एवढीशीच आहेत, भावोजी. पिल्लंही एवढीशीच आहेत."

आठ दिवसांनी त्याहून मोठा पाऊस आला. सशिणीने पिल्लं पुन्हा वारुळावर नेऊन ठेवली आणि परत येऊन उकरू लागली. आता पाणी साळिंदराच्या उंबऱ्यावरूनही आत गेलं, आणि त्याच उंबऱ्याने ते बाहेर जाऊ दिलं नाही. साळिंदर तरंगत तरंगत दारातून निघाला आणि सशिणीशेजारी उकरू लागला. त्याच्यामागून घोरपड आली, मुंगूस आलं, सगळा उतार लोटला. तेव्हा कोल्हा धावत येऊन चरात आडवा पडला.

"मैदान माझं आहे."

"असेल," सशीण हात न थांबवता म्हणाली. "वाट पाण्याची आहे. तुम्ही उठा, नाहीतर तेच उठवेल."

वरून लोंढ्याचा आवाज आला, तसे मुखियाजी शेपटी सावरत आपण होऊन उठले. ओढा तळ्याकडे धावत सुटला. सशिणीने मात्र पिल्लांना घरी आणून आधी आपला उंबरा पाडला. पिल्लांचे डोळे उघडले होते. त्यांना आता बाहेर यायचं होतं.

तात्पर्य : पाण्याची वाट बुजलेली असताना आपापले उंबरे वाढवत बसू नये, बुजवणाऱ्याला जाब विचारावा आणि वाट मोकळी करून घ्यावी.