राळाईने पाठ का फिरवली

ही आमची राळाई. शेंदूर लावलाय म्हणून देवी म्हणायचं, नाहीतर बसलेली बाईच आहे. पलीकडे गावाचं खळं, तिथे सगळे मिळून मळणी करतात, आणि हिची नेमकी त्याच्याकडे पाठ. चढून दमला असाल, टेका जरा. मला गवराबाई म्हणतात. सून म्हणून इथे आले तेव्हा सासूने सांगितलं, तेच तुम्हाला सांगते.

आधी म्हणे काहीच नव्हतं. नुसतं पाणी आणि अंधार. मग एक खेकडीण पार तळाशी गेली आणि नांगीत चिखल धरून वर आली. तिच्या पायांनी ढवळून अंधार पातळ झाला, तेव्हा कुठे सूर्य दिसला. चिखल वाळला तो हा डोंगर. बाकीची पृथ्वी याच्या ओघळांतून झाली. शेजारच्या गावचे लोक त्यांचा डोंगर पहिला म्हणतात. म्हणेनात का!

पुढे माणसं झाली, पण घर नाही, शेत नाही. शिकारीमागे हिंडायचं, कंदमुळं उकरून खायची. ज्याला चालवत नाही त्याला मागे टाकून जायचं, ही रीत. राळू नावाच्या बाईचं पोर तापाने फणफणलं. तिचा भाऊच टोळीचा म्होरक्या. तो म्हणाला, "पोर ठेव नि चल." ती हलली नाही. टोळी निघून गेली.

उपाशी बसल्या बसल्या तिला पाखरं दिसली, गवताचं बी टिपणारी. तिने ते बी चोळून पोराला भरवलं आणि पोर जगलं. सांडलेलं बी पावसात उगवलं, तेव्हा तिला पेरणं कळलं. तेच हे राळे. टोळी उपाशीपोटी परत आली तेव्हा राळूने सगळ्यांना जेवू घातलं, भावालासुद्धा. मग कुणी हिंडायला गेलं नाही. घरं झाली, गाव झालं, खळं झालं.

एका सुगीत दुसरी टोळी आली, पोरांची हाडं निघालेली. राळू ओंजळीने रास वाटू लागली. भाऊ भडकला. "बाईचा हात सैल. अशानं आपल्याला पुरायचं नाही." त्याने खळ्याभोवती राखेची रेघ ओढली. आत फक्त पुरुषांनी जायचं. आणि राखणीला बसवलं कुणाला, तर तापातून वाचलेल्या त्याच मुलाला. राळू सूप घेऊन आली, तसा तो आडवा आला.

"आई, आत नको येऊ. मामा ओरडेल."

ती मागे फिरली म्हणे. त्या उपाशी लोकांत जाऊन खळ्याकडे पाठ करून बसली. घास आणून दिला तो घेतला नाही. तिथेच वाळून दगड झाली, असं सांगतात. मग मात्र गावाने तिला देवी केलं. मेल्या म्हशीला मणभर दूध! मला अजून राग येतो.

आजही मळणीला राखेची रेघ पडते. आम्ही बायका पेरतो, खुरपतो, कापतो, पेंढ्या डोक्यावरून आणून रेघेबाहेर टाकतो. राळाईला नव्याचा नैवेद्य पुरुष दाखवतात आणि तेच खातात. माझा मुलगा चांगला आहे हो. माझे पाय चेपतो, औषध विसरत नाही. पण मळणीच्या दिवशी मी पेंढी घेऊन गेले की तोही म्हणतो, "आई, तिथेच ठेव."

मी ठेवते.